चार वाजताची सही

क्लीथॉर्प्सला ओहोटी लागली की समुद्र
दूरवर मागे सरतो,
आणि चिखलात पडलेलं सगळं उघडं पडतं:
दोरखंड, एकच बूट,
एकदा तर लहान मुलाची तीनचाकी.
आमचं केअर होम त्याच रस्त्यावर.
वरच्या मजल्यावर, सतरा नंबरच्या खोलीत
विनिफ्रेड थॅकरे, वय एक्क्याण्णव.
तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही.

दर दोन तासांनी आपण बदलायची.
दहा, बारा, दोन, चार, सहा.
तक्त्यावर वेळ, डावी की उजवी,
आणि पुढे सही: सु. ओहोळ.

मार्चमधली रात्र. सलग सहावी पाळी.
धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत
गरम टॉवेलांना जरा पाठ टेकली,
उठले तेव्हा सव्वापाच.
चारचा चौकोन रिकामा.
मी लिहिलं: ४.००, डावी.
सही केली.
अक्षर नेहमीसारखंच आलं,
त्याचंच नवल वाटलं.

सहाला पाहिलं तर तिची टाच
लालसर झालेली,
रुपयाएवढी.

माझे वडील जालन्याच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर.
पुड्या बांधायचे. तराजू डोलला
की पंखा बंद करायला लावायचे, भर मे महिन्यात.
रांगेतली माणसं चुळबुळायची, घाम पुसायची.
"काटा थांबू दे गं," एवढंच म्हणायचे.
मंडळीत साक्ष द्यायला ते कधी उभे राहिले नाहीत.
प्रार्थनाही तोकडी, दोन वाक्यांची,
दुसरं वाक्य आमेन.

रविवारी उपासनेनंतर पाळकबाई म्हणाल्या,
सुवार्ता, पुढच्या आठवड्यात तू बोल,
पाचच मिनिटं,
देवाला आवडेल असं कसं जगावं यावर.
तू तर रात्रंदिवस सेवा करतेस.
पुढच्या बाकावरचे सगळे वळून हसले.
मी हो म्हणाले.

घरी कागद घेऊन बसले.
'सेवा' लिहिलं. खोडलं.
'नम्रता' लिहिलं,
ते तर लिहिता लिहिताच खोटं झालं.
मग गुडघे टेकले. प्रभू, क्षमा कर.
त्याने केलीही असेल, त्याच्याबद्दल मला शंका नाही.
पण टाच त्याची नव्हती.
की त्याचीच होती?
त्या रात्री एवढ्यावरच अडून राहिले.

सोमवारी लॉरेनच्या ऑफिसात गेले.
व्हिसाचा विचार आला नाही असं म्हणणार नाही,
जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तोच उभा होता.
लॉरेन खुर्चीत मागे रेलली.
"हे कुणाला कळलंच नसतं."
हो, म्हटलं.
"आता मला लेखी घ्यावं लागेल."
हो.
तिने विनिफ्रेडच्या मुलीला फोन लावला.
टेबलापलीकडे मला शब्द येत नव्हते,
नुसता आवाज येत होता, चढत जाणारा.
तो ऐकत उभं राहणं
कुठल्याही उपासापेक्षा लांब होतं.

ताकीद मिळाली. सहा महिने फाइलमध्ये राहील.
हलकं वगैरे काही वाटलं नाही.
बसस्टॉपवर वारा होता, भूक लागली होती,
एक सीगल माझ्या पिशवीकडे बघत होता.

रविवारी पाच मिनिटांची दोन वाक्यं झाली:
मी एका म्हातारीच्या तक्त्यावर खोटं लिहिलं होतं.
आता ते सांगून आले आहे.
नंतर चहाला कुणी बिस्किटांची बशी पुढे केली,
कुणी खिडकीतून पार्किंगकडे पाहत राहिलं.
पाळकबाईंनी माझा कप स्वतः विसळला,
काही बोलल्या नाहीत.

काल रात्री पुन्हा सतरा नंबर.
दार लोटलं तशी विनिफ्रेड पुटपुटली,
"उशीर केलास, बाळ."
चारला दोन मिनिटं कमी होती.
हो, केला, म्हटलं.
खांदा, कंबर, मग पाय.
उशी सरळ केली. दिवा जवळ घेतला.
लाली ओसरत आली आहे, पुरती नाही.
हीटरचा पंखा घरघरत होता, तो बंद केला
आणि तिची टाच तळहातावर घेतली.
वजन असं काही नव्हतंच.
तरी थांबले.

मग लिहिलं: ३.५८, उजवी.