हातचा

फुग्लाफ्योर्दुरच्या मासळी कारखान्यात
मला तीन आठवडे मिळाले होते:
टेबल क्रमांक चार, सहा बायका, सहा सुऱ्या,
आणि माझ्या गळ्यात स्टॉपवॉच,
बैलाच्या घंटेसारखं, येतोय हे आधीच सांगणारं.

पद्धत सोपी.
यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून वेळा काढायच्या,
नऊ सतरा, नऊ एकेचाळीस, दहा दोन,
त्या क्षणी मान वर करायची
आणि दिसेल ते एका अक्षरात लिहायचं.
क म्हणजे काम. थ म्हणजे थांबली. ब म्हणजे बोलतेय.
सुरी चालू आहे आणि तोंडही चालू आहे,
तर काय लिहायचं हे कुठेच दिलं नव्हतं.
मी क-वर ब गिरवला. मग दोन्ही खोडले.

पहिले चार दिवस नुसते क.
ओळीच्या ओळी, खुराडं उघडल्यासारखा कागद.
मुकादम तुम्मास म्हणाला,
तू आलास की त्या पळतात.
एक तर येऊ नकोस, नाही तर जाऊच नकोस.

गेलो नाही.
आठव्या दिवशी कुणीतरी माझ्या खांद्यावर
ओला एप्रन वाळत टाकला.

संध्याकाळी वजनं मांडली:
सुन्वा एकशे ऐंशी किलो.
तुरिद एकशे ऐंशी.
मालिवान, थायलंडहून आलेली, मनगटाला पट्टा,
सुरी धरताना करंगळी हवेत,
एकशे एकोणऐंशी.
प्रमाण विचलन जवळजवळ शून्य.
इतकी सारखी तर
एका जाळ्यातली कॉडसुद्धा नसते.

दहाव्या दिवशी शिंक आली
म्हणून तक्त्यात नसलेल्या वेळी मान वर गेली.

तुरिदची सुरी थांबलेली.
उजवा हात, न बघता,
साफ केलेल्या दोन फाका उचलून
मालिवानच्या ट्रेमध्ये.
बेरीज करताना
हातचा डावीकडच्या घरात देतात ना, तसा.
उत्तर लिहून झालं
की तो कुठून आला, कुणी विचारत नाही.

चार सेकंद.
माझ्या नियमाने: थ.

जानेवारीपासून बोनस माणशी मिळणार,
त्यासाठीच मला बोलावलेलं.
पेन्सिल कागदावर टेकवली, टोक मोडलं.
मोडलं असं अहवालात लिहीन.
खरं तर मी दाबली.

शेवटच्या दिवशी तुरिदने
खोक्याचं एक झाकण पुढे केलं.
निळ्या खडूच्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या.
'तुझ्या जांभया,' ती म्हणाली. 'एकतीस.
हे घड्याळ बघणं. हे तर मोजता मोजता दमलो.'
बायका हसल्या, मालिवान सगळ्यात मोठ्याने.

कोपऱ्यात एकच रेघ होती, एकटी.
'आणि ही?'
'त्या दिवशी शिंकलास.
पाहिलंस. लिहिलं नाहीस.'
तिने सुरी पाण्यात बुडवली.
'तुमच्यात ह्याला कुठलं अक्षर?'

अहवाल अजून चौथ्या पानावर आहे.
अभ्यासाचं एकक: टेबल.
नमुना संख्या: एक.
एकावरून काहीच सिद्ध होत नाही,
हे मला माहीत आहे.