विरळणी

मणेराजुरीच्या माळावर, भावाच्या द्राक्षबागेत,
रविवारी सकाळी दहाला
कुणीतरी मला आतून पेटवलं.
नोव्हेंबर होता. मांडवाखाली गारवा होता.
कानामागून घाम, चष्म्यावर वाफ,
ब्लाउज पाठीला चिकटलेलं.

गजराक्कानं कात्री तारेला अडकवली,
ओल्या फडक्यातली बाटली पुढं केली,
म्हणाली, "गेली व्हय?"
तेवीस वर्षं तासगावला प्राणिशास्त्र शिकवते मी,
इतक्या कमी शब्दांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.
"सात महिने झाले."
"अजून एकदा डोकावंल. मग न्हाई यायची."

गेल्याच आठवड्यात मागच्या बाकावरची नीलोफर म्हणाली,
मॅडम, उत्क्रांतीला पिल्लंच हवी असतात ना?
मग निम्मं आयुष्य शिल्लक असताना
दुकान का बंद?
मी फळ्यावर लिहिलं:
हत्तीण, साठीतही विते.
गाय, शेळी, मरेपर्यंत. किंवा खाटकापर्यंत.
दुसऱ्या बाजूला: ऑर्का, बेलुगा, नारव्हाल,
आणखी एकदोन दातेरी देवमासे,
एका जंगलातल्या काही चिंपांझी माद्या.
आणि आपण.
यादी संपली. फळ्याचा कोपराही भरला नाही.

मग सांगितलं, ऑर्काची म्हातारी
मासे आटतात त्या वर्षी कळपाच्या पुढं पोहते,
कारण मागचं आटणं तिनं पाहिलेलं असतं.
(हे सांगताना मला गजराक्काची चुलती आठवली होती.
बाहत्तर साली जतकडं, कुठल्या ओढ्यात
हातभर वाळू उपसली की पाणी लागतं,
ते गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.
वर्गात बोलले नाही. अभ्यासक्रमात जत नाही.)

दुसरा सिद्धांत सांगितला तेव्हा वर्ग हसला:
सून बाहेरून येते, तिचं सासूच्या पोराशी रक्त नाही,
सासूचं मात्र नातवाशी आहे, चार आणे.
दोघी एकदम व्याल्या, तर चुलीवरच्या एका भाकरीसाठी
माघार कोण घेईल?
पाच गुणांचा प्रश्न.
नक्की काय ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही,
हेही लिहा, म्हटलं. त्याचा अर्धा गुण.

बाटली परत देताना मी सहज विचारलं,
"तुमची कधी गेली, अक्का?"
ती घड फिरवत राहिली.
"आखाडात सून बाळंत झाली. भादव्यात मी.
लाज वाटायची, एका घरात दोन पाळणे.
तिला दूध न्हवतं. मला हुतं.
दोघांस्नी पाजलं."
कात्रीचा आवाज. दोन मणी पडले.
"माझं ऱ्हायलं न्हाई.
तिचा आता टेम्पो चालवतो, आम्हांस्नी सोडतो की हितं रोज.
फुडं चार वर्षांनी आपसूक गेली.
बरं झालं, म्हटलं. वाईट बी वाटलं."

वर्ग हसला होता ते आठवलं.
मीही हसले होते, थोडी.

मला मूल नाही.
आजीच्या सिद्धांतात मी कुठं बसते
हे नीलोफरनं विचारलं नाही, पोरगी समजूतदार आहे.
माझ्या अंडाशयात जन्माआधीच मोजून ठेवलेलं सगळं
कुणाला उपयोगी न पडता संपलं,
आणि तरी ही आग आली, वेळेवर,
जणू मीही त्या यादीतली.

विरळणीच्या कामाला आज एक नवी मुलगी होती, बिचकणारी,
हिरवेगार टपोरे मणी कापायला हात धजेना.
"चांगलेच तर हायत, आज्जी."
"चांगलेच हायत," गजराक्का म्हणाली,
"वाईट म्हणून कोण काढतंय?"

आता यावर काहीतरी सुचायला हवं होतं मला.
सुचलं, ते खोटं वाटलं.
मणी म्हणजे मणी. पडले की मुंग्या येतात.

"मॅडम, बसून काय ऱ्हायलाय?"
तिनं कमरेची जादा कात्री काढून दिली.
"ह्यो घड तुमी करा.
वरल्या पाकळ्या ठेवायच्या. मधलं मोकळं करायचं.
शेंड्याला हात लावू नगा,
ते मी बघते."