खिंडार

मिलच्या टाइम ऑफिसात एलोजी वाकरूळकर बसत.
सहा हजार माणसांची वेळ त्यांच्या वहीत,
स्वतःचा शनिवार मात्र त्यांनी कुणाला विकला नव्हता.
मॅनेजर हळबे साहेबांनी एकदा विचारलं,
भोंगा नसलेला दिवस कसा असतो हो?
तिथून सुरू झालं म्हणतात.

बंगला आणि क्वार्टर यांच्यामध्ये दगडी भिंत,
भिंतीला खिंडार, खिंडारापुढे बॉबिनची रिकामी खोकी.
रात्रपाळीचा भोंगा झाला की
मी खोकी सरकवायची, कंदील घेऊन पुढे व्हायचं,
कुत्री आहेत का, युनियनचं कुणी आहे का बघायचं,
मग मागे वळून दोनदा खोकायचं.
साहेब वाकून यायचे.
एवढं वाकलेलं त्यांना मिलमध्ये कुणी पाहिलं नसेल.
मला महिन्याचे दोन रुपये,
आणि शनिवारी नारळाच्या दुधातलं कालचं कालवण, गार.

दिवसा गेटवर दोघं अनोळखी.
साहेब मान हलवायचे, तीही घड्याळाकडे बघून.

काय बोलायचे?
तुटल्याचं पाप सुताला लागतं की विणणाऱ्याला, असलं काहीतरी.
कधी तासभर कुणीच काही नाही.

एकदा एलोजींनी रोमच्या एका राजाची गोष्ट काढली.
त्यांच्या लोकांना जिंकलेला राजा,
पण त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या गुरूशिवाय
त्याला करमत नसे.
राजवाड्यापासून गुरूच्या घरापर्यंत भुयार.
राजा रात्री त्यातून यायचा,
मुकुट उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा, चपलांसारखा.
साहेब हसले. म्हणाले, आपल्या भुईकोटातूनही
भुयार आहे म्हणतात, कुठे निघतं कुणाला ठाऊक.

मी दारात होतो. विचारलं, मशाल कोण धरायचं?
होता एक नोकर.
मग?
एलोजींनी वातीची काजळी झाडली.
मग गुपित राहावं म्हणून परतताना राजा त्याला मारायचा.
दुसऱ्या रात्री दुसरा.
नावं काय त्यांची?
नावं नाहीत रे, आशण्णा.

साहेब माझ्याकडे बघत नव्हते.
माझ्या हातातल्या कंदिलाकडे बघत होते.

संप मोडला त्या साली
कमी करायच्या माणसांची यादी निघाली.
अक्षर एलोजींचं.
शुक्रवारी दिवे लागले तसा त्यांनी टाक खाली ठेवला,
ओळ अर्धी असताना.
यादी शनिवारभर तशीच, उघडी,
वर पेपरवेट म्हणून एक लोखंडी धोटा.
रात्री तीन चांदण्या दिसल्यावर साहेब आले.
त्या रात्री मला दाराबाहेर थांबवलं.
आतून फक्त कप बशीत ठेवल्याचा आवाज,
दोनदा.

सोमवारी गेटवर यादी लागली.
बाप नव्हता त्यात.
एकशे एकेचाळीस नंबरला
एक नाव खोडून वर लिहिलं होतं:
मल्लेशम कुडक्याल, साचे खाते.
आमचा शेजारी.
आई त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेली,
शेंगाचटणी न्यायची विसरली,
आणि परत काही तिचं पाऊल उचललं नाही.

एलोजी पुढे इस्रायलला गेले, दिमोना गावी.
साहेब पुण्यात वारले.
चिमणी पाडली तेव्हा बघायला अर्धं सोलापूर,
भिंत पाडली तेव्हा मी आणि एक जेसीबीवाला.
त्याच्या बऱ्याच आधी एक पत्र आलं होतं,
वहीतल्यासारखंच पुढे झुकलेलं अक्षर:
इथे नातवंडांना ती गोष्ट सांगतो.
मशालवाल्याला तुझं नाव दिलंय.
आणि आमचा राजा त्याला मारत नाही.

उत्तराला मला तीन आठवडे लागले.
प्रकृती विचारली. ज्वारीचा भाव लिहिला,
गड्ड्याच्या जत्रेत यंदा पाळणे किती होते तेही.
मग जागा उरली नाही, म्हणून समासात, उभं:
नाव मल्लेशमचं द्या,
आणि गोष्ट होती तशीच ठेवा.