पालक सापडला नाही

डिसेंबरात विल्यांदीला दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो.
पुढचं सगळं काम ट्यूबच्या उजेडातलं.
आमचं ऑफिस म्हणजे शिलाईखात्यावरची एक खोली.
खाली मशिनं थांबली की फरशीची थरथर थांबते
आणि मग आपली खुर्ची किती करकरते ते कळतं.

फाइल एकच. ओळी अकरा हजार चारशे बारा.
हातमोजे आणि त्यांचे एसकेयू.
रकान्यांमधे अर्धविराम,
कारण इकडे स्वल्पविराम किमतीतच अडकलेला असतो.

काम सांगायला सोपं:
कोण कुणाचं, एवढंच लिहायचं.
मेंढीच्या कातड्याचा एक बाप, त्याची सव्वीस पोरं,
सातचा काळा, साडेसातचा काळा, आठचा करडा...
दुकानाच्या पानावर बाप एकटा उभा राहणार,
पोरं त्याच्या पाठीमागे,
कुणी माप विचारलं की पुढे यायची.

पहिल्यांदा चढवली
तेव्हा डोक्यावर लाट घेऊन चालणारं आमचं एक अक्षर
जिथे तिथे बुडालं.
व्होरूचं व्ह?रू झालं.
उर्वे म्हणाली, बघ, मालच प्रश्न विचारायला लागला.

दुसऱ्यांदा घाईत पोरं आधी पाठवली.
सर्व्हर म्हणाला, ज्याचं नाव सांगताय
तो अजून जन्मायचाय.

तिसऱ्यांदा, रात्री पावणेअकराला,
सगळ्या ओळी हिरव्या.
एक सोडून.

ओळ सात हजार अडतीस.
साडेनऊ, तपकिरी, लोकरीचं अस्तर, डावा.
नुसता डावा.
पालक सापडला नाही.

तालिनहून आलेल्या रेनारने बजावलं होतं,
अनाथ दिसले की उडवायचे,
कॅटलॉग स्वच्छ हवा.
बोट डिलीटवर होतंच.
सहज विक्री पाहिली:
दर नोव्हेंबरात एक.
एक. एक. एक.
मागे मागे, जिथवर नोंदी जातात तिथवर
एक.

खाली कापणीच्या टेबलाशी हेल्दुर
थर्मासचं झाकण लावत होता.
तो होय, म्हणाला, तो काल्युचा.
लाकडाच्या गिरणीत उजवा गेला त्याचा.
पहिली दोन वर्षं जोडी घ्यायचा
आणि उजवा परत धाडायचा, टपालखर्च स्वतःचा.
मग जुन्या मालकीणबाईंनी वैतागून
एकट्या डाव्याला नंबर काढून दिला.
किंमत?
अर्ध्यापेक्षा थोडी जास्त. त्यानेच पत्रात लिहिलं होतं,
पुडक्याला दोरी तेवढीच लागते.
क्रोन गेले, युरो आले,
दोरीचा हिशेब तोच.

मी वर आले.
रिकामी ओळ घेतली आणि पालक लिहायला बसले.
नाव सक्तीचं. लिहिलं: एकटा.
वर्णन सक्तीचं. लिहिलं: थंडीत एका हाताला पुरतो.
फोटो सक्तीचा.
साठ्यातला आणून टेबलावर ठेवला,
बोटं जरा पसरली,
मागे माझा चहाचा कप आला, येऊ दे.

चौथ्यांदा चढवायच्या आधी
हेल्दुर जिना चढून आला, धापा टाकत,
हातात खणातलं जुनं वर्तमानपत्र.
आत दोन उजवे.
काल्युने परत धाडलेले,
अजून कडक, तळव्यावर एकही सुरकुती नाही.

फेकवले नाहीत, म्हणाला.
म्हटलं, कुणी मागितला तर.

कुणी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.
आणखी एक ओळ घातली.
पालक: एकटा.
साडेनऊ, तपकिरी, उजवा.
साठा: दोन.

मग चढवायचं बटण दाबलं
आणि आम्ही दोघं
टक्के मोजत उभे राहिलो.