बुजायची राहिलेली

तार आत सरकवली
आणि ती वळलीच नाही.
उजवीकडे जायची ती
उतरत गेली डाव्या अंगाने, सरळ खाली,
पडद्यावर भलत्याच पाण्यात.

एलिओदोरो, वय एकोणऐंशी,
आचाओहून बेटांवर होडी नेण्यात जन्म गेलेला.
भूल खांद्यापुरतीच, म्हणून जागा.
"काय झालं, डॉक्टरीणबाई?"

म्हटलं, ही शीर गर्भात सगळ्यांनाच असते,
जन्माआधी बुजते.
तुमची राहिली.
कधी जाणवलं नाही?

तो हसला. ठोके अडतीस,
तेही रमतगमत.
"मेउलिनच्या मागे एक अरुंद पाणी आहे,
आरमाराच्या नकाशात नाही.
मी पोटात होतो. आईला कळा सुरू झाल्या
तेव्हा बापानं तिथूनच काढली होडी,
भरती धरून, अंधारात.
पण पोचतं ना रक्त?"

पोचतं. वळसा घेऊन.

"मग घाला की तिथूनच."

दोन तास लागले.
एकदा तार निसटली, एकदा माझा धीर.
मग साठ. साठ. साठ.

बाहेर ओर्तेन्सिया, मांडीवर लोकरीचा गुंडा.
कागदावर शीर काढून दाखवली.
तिनं कागद उलटा धरून पाहिला,
सुलटा करून पाहिला.
"बुज म्हटल्यावर बुजेल," म्हणाली,
"तर तो एलिओदोरो कसला!"