हजारी दवाखाना

पाटीवर नाव आहे
गुरुपादप्पा नंदर्गी धर्मार्थ रुग्णालय.
रिक्षावाल्याला ते सांगू नका, तो भलतीकडे नेईल.
हजारी म्हणा.

परवा नवा डॉक्टर विचारत होता,
हजारी का? केसपेपर तर दहा रुपयांचा.
मी कपाटातली वही काढली.
एकतीस वर्षं इथला हिशेब लिहिला मी.
वाळवीनं खाल्लेला कोपरा सोडला
तर बेरीज अजून जुळते.

पान पहिलं : शेठजींची जागा.
साखर पेठेच्या मागं सरकीचं गोदाम होतं, ते.
त्यांची थोरली लेक अडली होती,
बैलगाडी जोडबसवण्णा चौकापर्यंतसुद्धा पोचली नाही.
हे वहीत नाही.
वहीत चतुःसीमा आहेत,
आणि कानडीत एक सही, शाई फुटलेली.

पान दुसऱ्यापासून विडीवाल्या बायका.
हजार विड्यांमागे एक पैसा.
दुस्सा अंबव्वा. गाजुल राजव्वा.
चिप्पा नरसम्मा.
चिप्पा नरसम्माची सासू, नाव सांगत नाही.
त्यांनी तेलुगूत सांगितलेलं
कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं,
दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलं.
आठवड्याला सहा पैसे, सात पैसे,
राजव्वापुढं एकदा शून्य,
शेरा : बाळंत. खाट क्रमांक चार.

संगमरवरी फळा करायचा ठरला तेव्हा
पाथरवट म्हणाला, अक्षराला दोन आणे.
चारशे बारा बायका.
कारकुनानं अक्षरं मोजली, रात्रभर,
जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावर पाथरवटाशी भांडला,
आणि सकाळी आकडा घेऊन कारखान्यात गेला.
सुपं मांडीवर, कात्र्या चालू,
मान वर न करता अंबव्वा म्हणाली,
नाव घेऊन काय करायचं की वो,
खाटा घ्या.

अकरा खाटा आल्या.

फळ्यावर शेठजी, पाच व्यापारी,
आणि शेवटच्या ओळीत
व इतर.
चार अक्षरं. आठ आणे.

खाटांवरच्या चादरी करीमसाब मोमीन यांच्या मागावरच्या,
बाजारात न चालणाऱ्या, विणीत चुकलेल्या.
एका चादरीवरच्या मोरांना डोळेच नव्हते.
तापातली माणसं रात्रभर
बोटानं त्यांना डोळे काढत बसायची.

विमल कोठाडिया डॉक्टरीण दोन वर्षांसाठी आल्या,
अडतीस राहिल्या.
पगाराच्या रकान्यात त्यांची सही,
आणि समोरच्या पानावर, त्याच तारखेला,
तीच रक्कम जमा.
स्वभाव मात्र तिखट, शेंगाचटणीसारखा :
शेठजींच्या नातवाला बुटांसकट वॉर्डाबाहेर काढलेला
मी स्वतः पाहिला आहे.

औषधाच्या वेळा गिरणीच्या भोंग्यावर असायच्या.
पहिल्या भोंग्याला काढा, दुसऱ्याला गोळी.
गिरणी बंद झाली त्या दिवशी
सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन
व्हरांड्यात उभी राहिली, ऐकत.
त्या वर्षीचं पान :
जमा निम्मी. खाटा दहा वाढवल्या.
खाली एक नोंद, फाटकावरचं घड्याळ एक,
देणार : गिरणीचा पहारेकरी.
दिलं की उचलून आणलं, लिहिलेलं नाही.
मीच लिहिलं नाही.

आता लिफ्ट येतेय.
फळा काढून सायकल स्टँडला टेकवलाय,
ऊन तापलं की त्याला हात लावत नाही.
विश्वस्तांनी मला बोलावून सांगितलं,
नव्या चकचकीत बोर्डासाठी मजकूर द्या,
आटोपशीर द्या.

डॉक्टरनं विचारलं, इतर म्हणजे किती?
मी म्हटलं, मोजा.
तो खुर्ची ओढून बसला,
बोट ठेवत, ओठांतल्या ओठांत नावं घेत.
राजव्वाचा उच्चार चुकला, मी सांगितला.
चाळीस पानं झाली असतील
तोच खालून हाक आली, अपघाताची केस,
आणि तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

रात्री वही बंद करायला गेलो
तर मध्ये एक कोरा केसपेपर होता,
खूण म्हणून घातलेला.
बाजूला दहा रुपये.
मी पावती फाडली.
नावाच्या जागी काय लिहावं
म्हणून थोडा वेळ थांबलो.