भुकेलं पाणी

रात्री अडीचला खालून नमुना येतो.
पाणी इतकं नितळ
की बाटली रिकामीच वाटावी.
सामू पाच पूर्णांक आठ.

सोहारच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र गाळतो,
पडद्यांतून रेटून मीठ मागे ठेवतो
आणि उरतं ते पाणी, ज्यात कुणीच नाही.

मग हेच का नाही सोडत गावाला?
शम्सा विचारते. सहा आठवडे झालेत तिला इथं.
अगं, हे भुकेलं आहे.
ज्याच्यापाशी काही नाही ते सापडेल ते खातं:
नळाचं लोखंड, सिमेंटचा गिलावा,
तांब्याच्या सांध्यावरचा चिमूटभर हिरवा.
म्हणून आधी त्याला डोंगर चारायचा.
पलीकडच्या टाक्यांत चुनखडी आहे,
हजर डोंगराची, बोराएवढे खडे.
त्यांच्या फटींतून ते सावकाश वर चढतं,
थोडा थोडा डोंगर अंगी लावून घेतं,
आणि आठाच्या पुढं गेलं की निवतं.

माझं आडनाव तांबट. बाप मात्र कल्हई करायचा,
देवरुखच्या बाजारात, पिंपळाखाली.
भाता, नवसागराचा पांढरा धूर,
आणि कापसाच्या एका बोळ्यासरशी
काळ्या पातेल्यात गरगर फिरणारं कथील.
बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं,
एवढंच त्याचं रसायनशास्त्र.
आम्ल हा शब्द त्यानं ऐकला तो माझ्या पुस्तकातून,
आणि म्हणाला, बरं, नाव पण आहे का त्याला.

कळकणं शम्साला सांगू कसं?
माझी अरबी तोकडी, इंग्रजीत तर तो शब्दच नाही.
तोंड वाकडं करून दाखवते. तिला लगेच कळतं.
तिची आजी कॉफीचा दल्ला घासते
आधी लिंबानं, मग राखेनं.
म्हणजे आधी आम्ल, मग अल्क, मी म्हणते.
म्हणजे आधी लिंबू, मग राख, ती म्हणते.

गुरुवारी समुद्राकडचा पंप उघडला होता.
पोलादाला बांधलेल्या जस्ताच्या विटा काढल्या,
एकेक अकरा किलोची गेलेली,
तीन किलोची परत आलेली,
मोरीतल्या साबणाच्या चिपेसारखी, खळग्याखळग्यांची.
खारं पाणी लोखंडाआधी जस्ताला धरतं.
जस्त आहे तोवर पोलाद शाबूत.
ओळच ठरलेली आहे:
पोटॅशियम सगळ्यात उतावळं, पाण्याशीसुद्धा भांडतं,
मग सोडियम, मग खूप खाली जस्त, त्याच्याखाली लोखंड,
तांबं आपलं मागे मागे,
आणि सोनं, कुणाला ओ म्हणून देत नाही,
त्याचीच सूकमध्ये एवढी दुकानं.

बेबीचन पाना पुसत म्हणाला,
आपलंही असंच की, चेची. तिकडचं टिकावं म्हणून इथं झिजायचं.
मी वजन लिहीत होते, हं म्हणाले.
सतरा वर्षं तेच हं.
शम्सानं वीट उचलून उजेडात धरली.
पण जस्ताला कुणी विचारलं होतं का?
तक्त्यात तेवढा रकाना नाही.
जुनं वजन, नवं वजन, तारीख, सही.

आज पहाटे डब्यातली आमटी सांडली बाहीवर.
साबण लावला,
आणि हळदीचा डाग भळकन लाल झाला.
शम्सा किंचाळली. दम! रक्त!
नाही गं बाई.
तिच्या सुलेमानीतली लिंबाची फोड घेतली, पिळली.
लाल गेलं. पिवळं आलं, जसंच्या तसं.
तिनं माझी बाही ओढून घेतली.
साबण. लाल. लिंबू. पिवळं.
परत साबण.
खाली गावात नळ सुटायची वेळ झाली होती,
साडेचारचा नमुना तसाच टेबलावर,
आणि ती चौथ्यांदा लिंबू पिळत होती,
फोडीत थेंब उरला नव्हता तरी.